शेजाऱ्याचा धंदा चालला तर आपला चालतो
टेंभुर्णी परिसरातल्या छोट्या उद्योजकांसाठी

पुणे-सोलापूर महामार्गावर टेंभुर्णीला पोचलं की वाटा चहूकडे फुटतात. एक पंढरपूरला जाते, एक अकलूजला, एक करमाळ्यावरून अहिल्यानगरला आणि एक कुर्डुवाडी-बार्शीवरून लातूरला. जवळ उजनीचं पाणी आहे, त्या पाण्यावर ऊस आणि केळी आहे. पिंपळनेर, श्रीपूर, अकलूज, इंदापूर असे साखर कारखाने आसपास उभे आहेत. गावाला एमआयडीसी आहे. वर्कशॉप, फॅब्रिकेशन, मोटार रिवाइंडिंग, ठिबकची दुकानं, गॅरेज, शीतगृहं, ट्रान्सपोर्ट असे धंदे महामार्गाच्या कडेनं वाढले आहेत.

असं असूनही थोडं मोठं काम निघालं की ते पुण्याच्या किंवा सोलापूरच्या कंत्राटदाराकडे जातं. तो ते तुकड्यातुकड्यांनी परत इथल्याच लोकांकडून करून घेतो आणि मधला नफा स्वतःकडे ठेवतो. हे वर्षानुवर्षं चाललंय. काम करणारे हात आणि यंत्रं इथं आहेत. एकाच रस्त्यावरचे चार जण लग्नकार्यात भेटतात, एकमेकांना नावानं हाक मारतात. पण त्या चौघांनी मिळून एखादी ऑर्डर पार पाडल्याचं क्वचितच ऐकू येतं.

या लेखाचं सांगणं एवढंच आहे : ओळखीनं धंद्याचं जाळं तयार होत नाही, एकत्र पार पाडलेल्या कामानं होतं. म्हणून सुरुवात व्हिजिटिंग कार्डापासून करू नका, कामापासून करा. ती कशी करायची, ते पाहू.

एका कंटेनरमागे किती धंदे?

आपल्या भागातलं सगळ्यात बोलकं उदाहरण केळीचं आहे. करमाळा तालुक्यातलं कंदर आणि टेंभुर्णीच्या आसपासची गावं इथली केळी आखाती देशांत जातात. बाग शेतकऱ्याची असते आणि माल निर्यातदाराचा. त्या दोघांच्या मध्ये किती जण उभे असतात, ते मोजून पाहा.

घड कापणारी टोळी येते. घडाला धक्का लागू नये म्हणून फोम आणि पॅडिंग लागतं. फण्या सोडवून टाकीत धुतल्या जातात, निवडल्या जातात, वजन करून साधारण तेरा किलोंच्या खोक्यांत भरल्या जातात. खोकी पुठ्ठ्याच्या कारखान्यातून येतात, आतली पिशवी प्लास्टिकवाल्याकडून. मग माल प्रीकूलिंगला जातो. केळीला साधारण १३ ते १४ अंश तापमान लागतं. त्याच्या बरंच खाली गेलं तर साल काळवंडते, वर गेलं तर फळ वाटेतच पिकायला लागतं. म्हणजे रेफ्रिजरेशनचा मेकॅनिक, जनरेटरची देखभाल करणारा आणि रात्री फोन उचलणारा इलेक्ट्रिशियन हेही या साखळीतच आले. शेवटी रीफर कंटेनर, ट्रान्सपोर्ट, न्हावा शेवा बंदरावरचा क्लिअरिंग एजंट आणि कागदपत्रं.

यातली एक कडी निसटली की सगळ्यांचं नुकसान होतं. खोकी वेळेवर आली नाहीत तर टोळी बसून राहते आणि कापलेला घड थांबत नाही. जनरेटर बंद पडला तर अख्खी खोली धोक्यात येते. म्हणून या धंद्यात टिकलेला निर्यातदार खोकीवाल्याशी आणि मेकॅनिकशी घासाघीस करून दर हंगामाला माणूस बदलत बसत नाही. त्याला शंभर ओळखी नको असतात. वेळेला उभी राहणारी आठ-दहा माणसं हवी असतात.

तुमचा धंदा केळीचा नसला तरी हाच प्रश्न स्वतःला विचारा : माझ्या आधी कोण काम करतं आणि माझ्यानंतर कोण करतं?

तीन याद्या करा

एक वही घ्या आणि तीन याद्या लिहा. मनातल्या मनात करू नका, लिहूनच काढा.

पहिली यादी मागच्यांची. तुम्हाला माल, सुटे भाग आणि सेवा पुरवणारे कोण? त्यातला एकच माणूस असा आहे का, की तो बंद पडला तर तुमचं काम थांबेल? तसा असेल तर त्याच्या नावापुढे खूण करा. त्याचा पर्याय शोधणं हे जाळं विणण्यातलं पहिलं काम.

दुसरी यादी पुढच्यांची. तुमचं गिऱ्हाईक तुमच्याकडून घेतलेल्या वस्तूचं पुढे काय करतं? तुम्ही ट्रॉली बनवत असाल तर ती घेणारा शेतकरी टायर, बेअरिंग, हायड्रॉलिक जॅक, आरटीओची कागदपत्रं आणि कर्ज यांसाठी कुठे जातो? तुमच्याकडून बाहेर पडल्यावर गिऱ्हाईक ज्या पुढच्या दोन दुकानांत जातं, ती दोन दुकानं तुमची नैसर्गिक भागीदार आहेत. ती तुमच्याकडे गिऱ्हाईक पाठवू शकतात आणि तुम्ही त्यांच्याकडे.

तिसरी यादी शेजाऱ्यांची. तुमच्यासारखाच धंदा करणारे लोक. ही यादी लिहिताना बहुतेकांचा हात अडखळतो, कारण यातल्या प्रत्येकाला आपण स्पर्धक म्हणून पाहत आलेलो असतो. पण टेंभुर्णीसारख्या ठिकाणी सगळ्यात जास्त फायदा याच यादीत आहे.

स्पर्धकाशी जोडून घ्या, पण कायद्याची रेषा ओळखा

साखर कारखान्याचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. हंगाम संपला की ओव्हरहॉलिंग निघतं : रोलर, बेअरिंग, पंप, गिअरबॉक्स, कन्व्हेअरच्या साखळ्या, पाइपलाइन. तेव्हा सगळ्या वर्कशॉपवर एकदम काम येतं आणि प्रत्येक जण "अण्णा, चार दिवस थांबा" असं सांगत असतो. हंगाम सुरू झाला की काम उरतं ते ब्रेकडाउनचं. ते रात्री-बेरात्री येतं आणि ताबडतोब हवं असतं.

एकट्याला वर्कशॉप चोवीस तास उघडं ठेवणं परवडत नाही. पण तीन वर्कशॉप पाळी लावू शकतात : या आठवड्यात रात्रीचा फोन एकाकडे, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याकडे. एकाकडे मोठं लेथ असेल, दुसऱ्याकडे शेपिंग मशीन, तिसऱ्याकडे चांगला वेल्डर. तिघं मिळून कारखान्याच्या इंजिनिअरला सांगू शकतात की कोणतीही वेळ असू द्या, या तीन नंबरांपैकी एकावर माणूस मिळेल. हा शब्द एकट्याला देता येत नाही. मोठं गिऱ्हाईक पैसे मोजतं ते अशाच शब्दासाठी.

उसाची वाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या दुरुस्तीचंही तसंच आहे. गर्दीच्या दिवसांत आलेलं काम नाकारण्याऐवजी शेजाऱ्याकडे पाठवलं, तर मंदीच्या दिवसांत तो तुमच्याकडे पाठवतो. यासाठी आधी दोन गोष्टी ठरवून घ्या. पाठवलेलं गिऱ्हाईक मूळ कोणाचं राहील? आणि काम बिघडलं तर निस्तरणार कोण? माझं मत असं की ज्यानं काम केलं त्यानंच निस्तरावं, आणि ज्यानं पाठवलं त्यानं गिऱ्हाइकासमोर उभं राहावं. दोघांनीही जबाबदारी घेतली तरच गिऱ्हाईक पुन्हा येतं.

एक रेषा मात्र ओलांडू नका. काम वाटून घेणं, यंत्र वापरायला देणं, एकत्र खरेदी करणं, मिळून एखादी ऑर्डर पूर्ण करणं यात गैर काही नाही. पण चार जणांनी बसून सगळ्यांनी अमुकच दर लावायचा असं ठरवणं, किंवा टेंडरमध्ये कोणी किती भरायचं हे आधी आपसांत ठरवणं, हे स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ खाली येतं. छोटा धंदा आहे म्हणून कायदा सूट देत नाही. कामाबद्दल बोला, दरांची संगनमतानं आखणी करू नका.

पहिलं काम लहान घ्या आणि कागदावर घ्या

नव्या भागीदाराबरोबर पहिल्याच वेळी मोठी ऑर्डर घेऊ नका. बिघडलं तरी दोघांनाही सोसेल एवढंच काम घ्या. त्यातून माणसाची वेळ, हिशेबाची सवय आणि अडचण आल्यावरचं वागणं कळतं. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. काम उशिरा होणार असेल तर जो आदल्या दिवशी स्वतःहून फोन करतो तो पुढे ठेवण्याचा माणूस. ज्याला तीनदा फोन करावा लागतो त्याचं काम कितीही सुबक असलं तरी मोठ्या ऑर्डरीत तो तुम्हाला अडचणीत आणेल.

आपल्याकडे अनेक व्यवहार शब्दावर चालतात आणि ते चांगलंही आहे. तरीही एका पानावर एवढं लिहून दोघांनी सही करावी : काम काय, माप आणि दर्जा काय, कच्चा माल कोणाचा, उरलेला माल आणि भंगार कोणाचं, द्यायची तारीख, दर, पैसे कधी आणि कसे, बिघडलं तर काय. भंगाराचा मुद्दा अनेकांना क्षुल्लक वाटतो. पण लोखंडाच्या कामात भांडणं बऱ्याचदा तिथूनच सुरू होतात.

जॉबवर्कला माल पाठवत असाल तर डिलिव्हरी चलन करा. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला माल एका वर्षाच्या आत आणि यंत्रसामग्री तीन वर्षांच्या आत परत यायला हवी किंवा तिथूनच पुढे विकली जायला हवी. नाहीतर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरलं जातं. साचे, जिग आणि फिक्स्चर यांना ही मुदत नाही. हिशेब पाठवणाऱ्यानं ठेवायचा असतो, म्हणून शेजाऱ्याकडे काम पाठवणाऱ्यानं चलन बुक जवळ ठेवावंच.

पैसा वेळेवर फिरला तरच जाळं टिकतं

जाळी तुटतात ती बहुतेक उधारीमुळे. एकानं पैसे थांबवले की दुसऱ्याला पोलादवाल्याचे थांबवावे लागतात, आणि महिन्याभरात पाच जण एकमेकांचे फोन उचलेनासे होतात. म्हणून कायद्यानं काय दिलंय ते नीट समजून घ्या.

पहिलं, उद्यम नोंदणी करा. ती १ जुलै २०२० पासून सुरू आहे, पूर्ण मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते. कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत. अडीच कोटींपर्यंत यंत्रसामग्रीतली गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असेल तर तुम्ही सूक्ष्म उद्योग. पंचवीस कोटी आणि शंभर कोटींपर्यंत लघुउद्योग. टेंभुर्णीतले बहुसंख्य धंदे यातच बसतात. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

दुसरं, २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघुउद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्यानं ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात. ही मुदत कितीही ठरवली तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त धरता येत नाही आणि लेखी काहीच ठरलं नसेल तर ती १५ दिवसांची असते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. थकबाकीसाठी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. कौन्सिलचा निकाल विरुद्ध गेला आणि खरेदीदाराला त्याला आव्हान द्यायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. नुसता व्यापार करणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही. उत्पादन किंवा सेवा देणाऱ्यालाच ते आहे.

तिसरं, २०२३ च्या वित्त कायद्यानं आयकर कायद्यात ४३बी(एच) ही तरतूद आणली. ती २०२४-२५ या आकारणी वर्षापासून लागू झाली. सूक्ष्म-लघुउद्योगाचं देणं त्या मुदतीत दिलं नाही, तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. त्यामुळे मोठ्या कंपन्यांचे अकाउंट विभाग आता स्वतःहून उद्यम प्रमाणपत्र मागतात. तुमचं तयार असू द्या.

चौथं, २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना आता ट्रेड्स व्यासपीठावर नोंदणी करणं बंधनकारक आहे. कंपनीनं तिथं तुमचं बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि तुम्हाला थोडी सूट देऊन पैसे लवकर मिळतात. कंपनीनं बँकेला पैसे चुकवले तरी त्याचा बोजा तुमच्यावर येत नाही. एखाद्या मोठ्या कंपनीचं काम घेताना ती ट्रेड्सवर आहे का, हे आधी विचारा.

आणि पाचवं, जे जाळ्यातल्या प्रत्येकानं पाळायचं आहे : आपलं जीएसटी विवरणपत्र वेळेवर भरा. तुम्ही जीएसटीआर-१ भरलं नाही तर तुमच्या गिऱ्हाइकाच्या जीएसटीआर-२बी मध्ये तुमचं बिल दिसत नाही आणि त्याला करवजावट मिळत नाही. तुमच्या आळसाची किंमत त्यानं मोजायची असते. तो दोनदा मोजेल, तिसऱ्यांदा दुसरा पुरवठादार शोधेल.

कायद्याचं हत्यार हाताशी असावं, पण पहिल्याच उशिरावर ते उगारू नये. आधी भेटा, अडचण ऐका, हप्ते ठरवा, कागदावर घ्या. कौन्सिलचा अर्ज त्याच्यासाठी ठेवा ज्याच्याबरोबर पुढे काम करायचंच नाही.

मोठ्या कंपन्यांच्या दारापर्यंत

सोलापुरात प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारखी वाहनउद्योगाला सुटे भाग पुरवणारी कंपनी आहे, पुण्याच्या बाजूला चाकण-पिंपरी आहे. या कंपन्यांना दर्जा हवा असतो, तसा दर्जाचा पुरावाही हवा असतो. मोजमापाची नोंद, कॅलिब्रेट केलेली गेज, मालाच्या लॉटचा माग. हे आजच सुरू करा, ऑर्डर आल्यावर नव्हे. थेट पहिल्या फळीत शिरता आलं नाही, तर त्यांच्या पुरवठादारांचे पुरवठादार व्हा. दोन वर्षं नीट माल दिला की वरच्या फळीला तुमचं नाव कळतं.

सरकारी खरेदीचा रस्ताही आहे. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणाप्रमाणे केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करायची आहे. त्यात ३ टक्के वाटा महिलांच्या आणि ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी आहे. खरेदी जीईएम या सरकारी संकेतस्थळावरून होते. एकट्याला न झेपणारी ऑर्डर असेल तर त्याच तिसऱ्या यादीतला शेजारी उपयोगी पडतो.

संघ कसा उभा राहतो

धंदे एकत्र आल्यावर काय होतं, हे बघायला फार लांब जावं लागत नाही. सोलापूर हे चादरी आणि टॉवेलांसाठी ओळखलं जातं, पण तिथं गणवेश शिवणारे शेकडो छोटे उद्योगही आहेत. प्रत्येक जण स्वतंत्रपणे मुंबई-दिल्लीचे व्यापारी शोधत फिरायचा. सोलापूर रेडिमेड कापड उत्पादक संघानं २०१७ मध्ये सोलापुरातच गणवेशांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि खरेदीदारांना आपल्या गावात बोलावलं. पुढे हे प्रदर्शन राज्याबाहेरही भरलं. आपल्या शहराचं नाव एका वस्तूशी जोडून सगळ्यांनी मिळून ते बाजारात नेलं, हे त्यातलं शिकण्यासारखं.

कोल्हापूरच्या फाउंड्री उद्योगानं समूह विकासातून वाळूच्या पुनर्वापरासारखी सामाईक सोय उभी केली. पिंपरी-चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये एकट्या छोट्या उद्योगाला न परवडणारी चाचणीयंत्रं आणि नमुने बनवण्याची सोय आहे. केंद्राची क्लस्टर विकास योजना आणि राज्याची तशीच योजना अशा सामाईक केंद्रांना अनुदान देतात. चौकशी सोलापूरच्या जिल्हा उद्योग केंद्रात होते. पण अनुदान मिळेल म्हणून संघ काढू नका. आधी वर्षभर एकत्र कच्चा माल खरेदी करून पाहा, एखादं यंत्र सामाईक वापरून पाहा. जे लोक वर्षभर खरेदीचा हिशेब चोख ठेवू शकले, त्यांनाच पुढे कंपनी किंवा सहकारी संस्था नोंदवायला सांगा. सहकाराच्या या मुलखात चांगले आणि वाईट दोन्ही दाखले आहेत. दोन्हींत फरक पडला तो हिशेब सगळ्यांसमोर मांडला गेला की नाही यानं.

ओळखी वाढवण्यासाठी संस्था आहेतच. १९३४ मध्ये पुण्यात सुरू झालेली मराठा चेंबर, सोलापूरचं चेंबर ऑफ कॉमर्स, मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लब, प्रशिक्षणासाठी महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र. तिथं जाताना काय विकायचं याबरोबर काय विकत घ्यायचं आणि कोणाला कोणाशी जोडून देता येईल, हेही मनात ठेवून जा. दुसऱ्याला काम मिळवून देणाऱ्याला सभेत जागा शोधावी लागत नाही.

पुढच्या बंद हंगामापर्यंत

या लेखातलं सगळं एकदम करायचं नाही. या महिन्यात उद्यम नोंदणी तपासा आणि तीन याद्या लिहा. पुढच्या महिन्यात तिसऱ्या यादीतल्या दोन शेजाऱ्यांना दुकानावर बोलावून चहा पाजा आणि कोणतं काम कोणाकडे जास्त येतं, कोणाचं यंत्र रिकामं असतं, एवढंच बोला. एक लहान काम एकत्र करा. पैसे ठरल्या दिवशी द्या, जमलं तर एक दिवस आधी. कारखान्यांचा हंगाम संपण्याआधी तिघांनी मिळून एका इंजिनिअरला भेटा आणि ओव्हरहॉलिंगमधलं एखादं ठरावीक काम मागा. मोठं मागू नका, पण तारीख चुकणार नाही असं मागा.

दरम्यान, तुमच्याकडून होणार नाही असं काम दारात आलं, तर गिऱ्हाइकाला नुसतं परत पाठवू नका. ज्याच्याकडून ते नीट होईल त्याला त्याच्यासमोरच फोन लावा आणि संध्याकाळी काम झालं का, ते स्वतःहून विचारा.